ट्यूलिपचं झाड: मराठवाड्यातून सतत येणारे प्रश्न

मृगाच्या तोंडावर रोपं लावायची घाई सुरू झाली की माझ्या फोनवर पानांचे फोटो यायला लागतात. त्यातल्या बऱ्याच फोटोंखाली एकच ओळ असते: "हे ट्यूलिप ट्री आहे ना?" तेच तेच उत्तर टंकून बोटं दुखायला लागली, म्हणून हे पान. काही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नर्सरीवाल्यानं 'ट्यूलिप ट्री' सांगून रोप दिलं. हे नेमकं कोणतं झाड?

मराठवाड्यात घेतलं असेल तर बहुधा पिचकारी. 'ट्यूलिप' हे नाव तीन वेगवेगळ्या झाडांना चिकटलंय आणि त्या तिघांचं आपसात काहीही नातं नाही.

पहिलं अमेरिकेतलं लिरिओडेंड्रॉन, म्हणजे खरं ट्यूलिपचं झाड. हे चाफ्याच्या कुळातलं. दुसरं आफ्रिकन ट्यूलिप, स्पॅथोडिया, आपली पिचकारी. काही जण तिला आकाशशेवगा म्हणतात. तिसरा पारोसा पिंपळ, म्हणजे भेंडीचं झाड. इंग्रजीत त्यालाही 'इंडियन ट्यूलिप' म्हणतात आणि ते आहे कापसाच्या घराण्यातलं.

फुलाची वाट बघायची गरज नाही, पान पुरतं. एका देठावर समोरासमोर बऱ्याच पर्णिका असतील तर पिचकारी. एकच पान, पिंपळासारखं हृदयाच्या आकाराचं, पण पिंपळाची लांब शेपटी नसलेलं, तर पारोसा पिंपळ. आणि पानाचा शेंडा कुणी कात्रीनं सपाट कापून टाकल्यासारखा, बाजूला चार कोपरे, तर खरं ट्यूलिपचं झाड. असं पान मला आजवर इकडच्या एकाही फोटोत दिसलेलं नाही.

२. काश्मीरच्या बागेतल्या ट्यूलिपशी याचं काही नातं?

नाही. श्रीनगरला दिसतं ते कांद्यातून उगवणारं, लिलीच्या कुळातलं रोपटं. झाडांना हे नाव मिळालं ते फक्त फुलाच्या पेल्यासारख्या आकारावरून.

३. खरं ट्यूलिपचं झाड असतं कुठं? केवढं होतं?

अमेरिकेच्या पूर्व भागात. इंडियाना, केंटकी आणि टेनेसी या तीन राज्यांनी त्याला आपलं राज्यवृक्ष मानलंय. खोड बाणासारखं सरळ जातं आणि खालच्या फांद्या आपोआप झडतात. ग्रेट स्मोकी डोंगरातलं एक झाड ५८ मीटरच्या वर भरलं, म्हणजे साधारण १९ मजले. दोनशे-तीनशे वर्षांचं आयुष्य त्याला सहज लाभतं.

जगात याच्या जिवंत जाती दोनच. दुसरी चीन आणि व्हिएतनाममध्ये, अर्ध्या जगापलीकडे. फार पूर्वी, हवामान उबदार होतं तेव्हा, हा वंश उत्तर गोलार्धात दूरवर पसरलेला होता. युरोपातही त्याचे जीवाश्म सापडतात. पुढं थंडी वाढत गेली, हिमयुगं आली आणि मधली झाडं संपली. उरली ती दोन टोकं. लाखो वर्षं ताटातूट होऊनही या दोन्ही जातींचा संकर आजही होतो आणि चीनमध्ये तो मुद्दाम केला जातो.

जंगलात त्याचा स्वभाव उतावळा आहे. सावली त्याला सोसत नाही. वादळात एखादं मोठं झाड पडून वर आभाळाला खिंडार पडलं की खालच्या पाचोळ्यात वाट बघत पडलेलं बी उगवतं आणि शेजाऱ्यांच्या आधी उंची गाठतं. हे बी पाचोळ्यात चार ते सात वर्षं तग धरतं. ईस्टर्न टायगर स्वॅलोटेल या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या फुलपाखराच्या अळ्या याची पानं खाऊन वाढतात.

४. तुम्ही एकदा म्हणालात की आपलं सीताफळ ट्यूलिपच्या झाडाचं नातलग आहे. खरंच?

खरंच, आणि हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

सख्खा भाऊबंद सोनचाफा. तो आणि ट्यूलिपचं झाड एकाच कुळातले. सोनचाफ्याची फांदी हातात घेऊन बघा, पेऱ्यापेऱ्यावर गोल कडं दिसेल. कोवळ्या पानावर पांघरूण घालणारं टोपण गळून पडल्याची ती खूण. ट्यूलिपच्या झाडाच्या फांदीवरही हुबेहूब असंच कडं असतं. देवळापुढचा पांढरा खुरचाफा मात्र यात धरू नका. नाव चाफा असलं तरी त्याला चीक येतो आणि तो रुई-कण्हेरीच्या कुळातला आहे.

सीताफळ चुलत घराण्यातलं. कूळ वेगळं, पण दोन्ही कुळं एकाच गणात बसतात, मॅग्नोलियाच्या गणात. फुलझाडांच्या वंशवृक्षावरची ही फार जुनी फांदी. ती गवत-ज्वारीसारख्या एकदलांत बसत नाही, आणि तूर-कापूस ज्या मोठ्या शाखेत येतात त्या शाखेतही नाही. तिसरीच, बाजूला फुटलेली.

नातं पटवून घ्यायचं तर फळ बघा. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, बालाघाटाच्या डोंगरात ते माळामाळानं वाढतं, तेव्हा नमुना शोधायला लांब जायला नको. सीताफळावरचा एकेक डोळा म्हणजे मुळात एकेक स्वतंत्र स्त्रीकेसर. एकाच फुलात अशी कितीतरी केसरं मधल्या दांड्याभोवती दाटीनं बसलेली असतात. सीताफळात ती फुगून, गरानं भरून एकमेकांना चिकटतात आणि एकच फळ बनतं. सोनचाफ्यात तीच सुटी राहतात, म्हणून त्याला फळांचा घोस लागतो. ट्यूलिपच्या झाडात त्याच केसरांचे चपटे, वाळके पंख होतात, मक्याच्या छोट्या कणसासारखे रचलेले, आणि शिशिरात एकेक सुटून वाऱ्यावर जातात. मांडणी तीच, पण एकानं ती पाखरं-प्राण्यांच्या तोंडासाठी वापरली आणि दुसऱ्यानं वाऱ्यासाठी.

रसायनातही नातं दिसतं. लिरिओडेनिन नावाचं एक कडू क्षारद्रव्य लिरिओडेंड्रॉनवरून ओळखलं जातं आणि ते सीताफळाच्या कुळातही सापडतं.

५. खऱ्या ट्यूलिपच्या झाडाचं फूल कसं असतं? त्यावर मधमाश्या येतात का?

फिकट हिरवट-पिवळं, बुडाशी नारंगी पट्टा, सहा पाकळ्या. गंमत म्हणजे एवढं देखणं फूल इतक्या उंचावर लागतं की खालून जाणाऱ्याला कळतही नाही, पाकळ्या गळून पायाखाली आल्या की वर बघायचं. साधारण एप्रिल ते जून हा फुलांचा काळ. मध भरपूर गळतो. मधमाश्या, भुंगेरे, हमिंगबर्ड असे सगळे येतात आणि तिकडचे मधपाळ या झाडाचा गडद लालसर मध विकतात.

एवढं येणं-जाणं असूनही बी कमी का भरतं, हा खरा प्रश्न. फूल आधी मादी असतं आणि मग नर. स्त्रीकेसराची टोकं पराग घ्यायला तयार असतात ती उजेडाचे १२ ते २४ तास. ती तपकिरी पडली की दार बंद. तेवढ्यात दुसऱ्या झाडाचा पराग आला तर ठीक, नाहीतर पंख तयार होतो आणि आत बी नसतं.

सीताफळाच्या बागाइतदारांना हे ओळखीचं वाटेल. तिथंही फूल आधी मादी, मग नर, आणि काम करतात बारीक भुंगेरे. ते कमी पडले की पहाटे ब्रश घेऊन हातानं पराग लावावा लागतो. मधमाश्यांचा जमाना सुरू व्हायच्या आधी फुलं भुंगेऱ्यांच्या भरवशावर होती. या गणातल्या बऱ्याच झाडांनी ती जुनी सवय अजून सोडलेली नाही.

६. ऑनलाइन बी मागवलं. पेरून महिना झाला, एकही उगवलं नाही. फसवलं का?

फसवलंच असेल असं नाही. दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे पोकळ बी. निम्म्याहून जास्त पंख रिकामे असणं या झाडात नेहमीचंच (प्रश्न ५ पाहा). नखानं दाबून बघा, बसलं तर आत काही नाही. दुसरं म्हणजे थंडी. हे बी हिवाळा अंगावरून गेल्याशिवाय उठत नाही. ओलसर वाळूत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन ते तीन महिने ठेवावं लागतं. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका.

उगवल्यावर पुढं काय, ते पुढच्या उत्तरात. ते वाचूनच फ्रिजमधली जागा अडवा. घरच्यांची बोलणी मला नकोत.

७. मग मराठवाड्यात ते वाढणारच नाही का? म्हैसमाळला तर थंड असतं!

कुंडीत, सावलीत, रोज पाणी घालून एखादं रोप दोन-तीन वर्षं जगवता येईलही. झाड म्हणून नाही वाढणार.

ते जिथं राहतं तिथं जुलैचं सरासरी तापमान २१ ते २७ अंश असतं आणि पाऊस किमान ७६० मिलिमीटर, तोही वर्षभर वाटून पडणारा. आपल्याकडं आकड्यानं कधी कधी तेवढा पडतो, पण चार महिन्यांत, आणि त्यातही मध्ये महिनाभराचा खंड. मे महिन्यात पारा ४० च्या पुढं जातो. या झाडाला उन्हाळ्यात पाण्याचा ताण बसला की ते पानं पिवळी करून टाकून देतं. हे तिथल्या हवेत, मग इथं काय होईल?

जमिनीचाही घोर आहेच. त्याला खोल, ओलसर आणि निचऱ्याची माती लागते. काळी कसदार म्हणून आपण जिचं कौतुक करतो ती चिकण माती पावसात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. याची मुळं मांसल आणि नाजूक. ती आधी गुदमरतात, मग तुटतात. मुरमाड माळावर निचरा होतो, पण ओल राहत नाही.

म्हैसमाळ हजार मीटरच्या आसपास आहे, हवा खरोखर छान. पण या झाडाला लागतो तो आठवडेच्या आठवडे टिकणारा गारठा. आपल्याकडं पहाटे हुडहुडी भरते आणि दुपारी सदरा काढावा लागतो. किनवटला पाऊस जास्त म्हणून विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर. तिथलं सागवान त्या हवेचं आहे, हे झाड त्या हवेचं नाही.

८. पिचकारीच्या कळीत पाणी येतं कुठून?

झाड स्वतःच ते पाणी कळीत सोडतं. बाहेरचं टोपण बंद असताना आतल्या ग्रंथींतून पाणी पाझरतं आणि कोवळं फूल त्या पाण्यात वाढतं. उन्हापासून आणि किड्यांपासून त्याचा बचाव होत असावा. कळीचं टोक चिमटीत फोडून दाबलं की चिळकांडी उडते, आणि लेकरांनी नाव ठेवलं पिचकारी. पाण्याला जरा उग्र वास असतो. रसाचे पिवळे डाग कपड्यावरून निघत नाहीत, शाळेचा पांढरा सदरा असेल तर सांभाळा.

९. पिचकारीच्या फुलात मेलेल्या माश्या दिसल्या. मधपेट्या ठेवल्यात, झाड तोडू का?

निरीक्षण बरोबर आहे. ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत या फुलांमध्ये मेलेले कीटक सापडले आहेत, विशेषतः डंख नसलेल्या बारीक मधमाश्या. फुलातला मध आणि चिकट स्राव त्यांना बाधतो. मूळ आफ्रिकेत या फुलाचं गिऱ्हाईक पक्षी. पेला मोठा, रंग भडक आणि मध पातळ, सगळं चोचीच्या मापाचं. आपल्याकडंही शिंजीर, बुलबुल, साळुंक्या त्यावर तुटून पडतात आणि त्यांना काही होत नाही.

एका झाडानं पेटी बसेल असं मला वाटत नाही. पण पेट्यांच्या शेजारी नव्यानं पिचकारी लावू नका. जुनं झाड तोडायचं असेल तर आधी प्रश्न ११ वाचा.

१०. परदेशात पिचकारीवर बंदी आहे म्हणे. मग आपल्याकडं सर्रास कशी लावतात?

जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींची एक प्रसिद्ध यादी आहे, तिच्यात पिचकारी आहे. हवाई, फिजी, पोर्टो रिको आणि ऑस्ट्रेलियाचं क्वीन्सलँड इथं ती जंगलात घुसली. एका शेंगेत पाचशेच्या आसपास बिया, प्रत्येकीला कागदासारखा पारदर्शक पंख. शिवाय मुळांवरून फुटवे आणि मोडलेल्या फांदीवरून नवं झाड.

ही सगळी ठिकाणं मात्र दमट. मराठवाड्यात हे बी पडतं तेव्हा त्याला ओल मिळत नाही, त्यामुळं माळावर पिचकारीचं रान माजलेलं कुणी बघितलं नसेल. धोका आहे तो कालव्याच्या काठी, धरणाच्या फुगवट्याजवळ, ओढ्याकडेला. तिथं लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गावात, रस्त्याकडेला असलेलं झाड राहू द्या. नव्यानं लावायचं तर इतकी आपली झाडं असताना हीच का, हा माझा उलट प्रश्न (प्रश्न १४).

११. आमच्या पिचकारीच्या फांद्या वादळात कडाकडा मोडतात. घराला धोका आहे का?

आहे. लाकूड हलकं आणि ठिसूळ, आणि झाड म्हातारं झालं की आतून पोकळ होतं. घर, विजेची तार आणि गाडी लावायची जागा यांपासून ते लांबच हवं. वळवाचा पाऊस यायच्या आत, एप्रिलमध्ये, छाटणी करून घ्या.

मुळासकट काढायचं असेल आणि तुम्ही महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असाल, तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड परकं आहे म्हणून सूट मिळत नाही. नुसतं तोडून भागतही नाही, बुंध्याभोवती वर्षभर फुटवे येत राहतात.

१२. पारोसा पिंपळ धुऱ्यावर लावायचा आहे. शेजारी कपाशी आहे, चालेल का?

सेलूकडच्या एका कपाशीवाल्यांनी हे विचारलं आणि फार बरं केलं, कारण उत्तर 'नको' असं आहे.

पारोसा पिंपळ आणि कापूस जवळचे भाऊबंद. कपाशीचं पिवळं फूल आणि याचं फूल शेजारी धरा, दुसरा पुरावा लागणार नाही. सरकीत जे गॉसिपॉल नावाचं विष असतं, ज्यामुळं कच्ची सरकी जपून चारावी लागते, ते या झाडातही आहे. घराणं एक म्हणून किडीही एक. कपाशीची बोंडं डागाळणारा लाल ढेकण्या याच्या बियांवर पोसतो. रान मोकळं असतं त्या दिवसांत धुऱ्यावरचं झाड त्याचं बिऱ्हाड होतं आणि पुढच्या हंगामात तो शेजारी उतरतो.

कपाशीपासून लांब, शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात मात्र झाड उत्तम. सावली दाट, आणि लाकूड चिवट असल्यानं पूर्वी बैलगाडीच्या कामाला यायचं. मूळचं हे समुद्रकाठचं. फळं खाऱ्या पाण्यावर तरंगत दूरवर जातात, त्यामुळं चोपण जमीनही त्याला बऱ्यापैकी सोसते.

१३. त्याच झाडावर सकाळी पिवळी फुलं आणि संध्याकाळी लालसर. दोन जाती आहेत का?

नाही, फूल तेच. सकाळी पिवळं उमलतं, आत गर्द तांबडा ठिपका. दिवस कलता कलता नारंगी-गुलाबी होतं आणि गळतं. कपाशीचं फूलही दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं, ते रोज बघता की.

१४. ट्यूलिप नाही तर काय लावू? फूल मोठं आणि देखणं पाहिजे.

पिचकारीच हवी असेल तर तिची इथली बहीण लावा: मेडशिंगी. कूळ तेच, पण दख्खनच्या कोरड्या माळाची रहिवासी. उन्हाळ्यात रात्री पांढरी सुवासिक फुलं उमलतात, ती पतंगांसाठी. मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या शेंगा, त्यावरून नाव. नर्सरीत क्वचित मिळते, शेंगा तडकायच्या आत गोळा करून रोपं घरीच करा.

लाल रंग आणि पाखरांची गर्दी हवी असेल तर पळस, पांगारा, काटेसावर. कपाशी शेजारी असेल तर सावरही टाळा, लाल ढेकण्या तिच्याही बियांवर जातो. खऱ्या ट्यूलिपच्या कुळातलं काही दारात असावं असा हट्टच असेल तर सोनचाफा. त्याला उन्हाळाभर पाणी आणि दुपारची थोडी सावली द्यावी लागेल. मोरीचं पाणी चालतं, साबणाचं नको.

१५. माझ्या झाडाची फुलं पिवळी आहेत, म्हणजे ते अमेरिकन ट्यूलिपच ना?

रंगावर जाऊ नका. पिचकारीचा पिवळ्या फुलांचा प्रकारही मिळतो आणि पारोसा पिंपळ तर पिवळाच. पान बघा (प्रश्न १).

१६. फर्निचरवाला 'ट्यूलिपवूड' म्हणून लाकूड दाखवतो. ते याच झाडाचं का?

दोन शक्यता. फिकट, हिरवट झाक असलेलं, हलकं आणि रंग चांगला घेणारं असेल तर अमेरिकन ट्यूलिपचं. व्यापारात त्यालाच 'यलो पॉपलर' म्हणतात, पॉपलरशी संबंध नसताना. गुलाबी-पिवळ्या पट्ट्यांचं, जड आणि महाग असेल तर ब्राझीलचं, आपल्या शिसवीच्या वंशातलं. भाव ठरवण्याआधी उचलून बघा.

२०२४ साली पोलंड आणि केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना लिरिओडेंड्रॉनचं लाकूड अतिसूक्ष्म पातळीवर देवदारासारख्या मऊ लाकडातही बसत नाही आणि ओकसारख्या कठीण लाकडातही नाही, असं आढळलं. त्यातले तंतू मधल्याच जाडीचे, म्हणून त्यांनी त्याला 'मिडवूड' म्हटलं. हे झाड भराभर वाढून कर्ब साठवतं, त्याचं गमक इथं असावं असा त्यांचा अंदाज आहे.

१७. आमची पिचकारी दरवर्षी फुलानं लाल होते, पण शेंग एकही नाही. खत कमी पडतं का?

खताचा दोष नाही. पिचकारी बहुतांशी स्वतःच्या परागानं फळत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. गल्लीत एकच झाड असेल, किंवा सगळी झाडं एकाच झाडाच्या फुटव्यांवरून केलेली असतील, तर फुलं येत राहतील आणि गळत राहतील. प्रश्न १० वाचून झाला असेल तर शेंग लागत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, आणि जोडीला दुसरी पिचकारी आणू नका.